बोलणं नव्हे, अभ्यास

आत्या आणि वहिनी एकमेकींशी बोलत नाहीत, ही गल्लीत बातमी उरलीच नव्हती. भाच्याला मिसरूड फुटलं तेव्हा सुरू झालेला अबोला, भाच्याला टक्कल पडायची वेळ आली तरी ठणठणीत होता.

आत्या म्हणजे लाँड्रीची थोरली मालकीण. लग्न केलं नाही, कारण कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि तेही असं सांगायची की समोरच्यानं पुढे विचारू नये. भाचा लहानपणी दुकानात येऊन हाका मारायचा, त्या ऐकून गिऱ्हाइकंही तिला आत्या म्हणायला लागली. भाचा पुढे नोकरीसाठी लांब गेला, हाक मात्र मागेच राहिली. वहिनी ही तिच्या धाकट्या भावाची बायको, भाच्याची आई. आणि भाऊ? भाऊ कपडे गोळा करायचा, धुऊन झाले की पोचवायचा आणि राहिलेल्या वेळात या दोघींचे निरोप इकडून तिकडे न्यायचा. खरी दमछाक त्या निरोपांनी व्हायची.

भांडण झालं एका काळ्या कोटावरून. कोट वकिलाचा. त्याच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा उठला, तोही असा की इस्त्रीचं टोकदार नाकसुद्धा स्पष्ट दिसावं. आत्या म्हणाली, इस्त्री वहिनीनं ठेवून दिली. वहिनी म्हणाली, आत्यानं. खरं काय ते त्या इस्त्रीलाच ठाऊक. एवढ्यावर मिटलंही असतं, पण आत्याच्या जिभेला हाड कुठलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिनं सुनावलं की, हिला कामाची अक्कल असती तर हिच्या बापानं हिला आमच्या गळ्यात कशाला मारली असती. झालं. वहिनीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि अगदी थंडपणे सांगितलं की, हे शब्द मागे घेईपर्यंत मी या बाईशी अवाक्षर बोलणार नाही. आत्या म्हणाली, बघ वाट.

तेव्हापासून वाट बघणं चालू होतं. घर एक, स्वयंपाकघर एक, दुकान एक. इस्त्रीची टेबलं शेजारी शेजारी. मोठी चादर घडी घालायला दोन माणसं लागतात, तेव्हा दोघी दोन टोकं धरायच्या, झटकायच्या, एकमेकींकडे चालत यायच्या, बोटाला बोट लावून टोकं जुळवायच्या आणि त्या वेळी एक छताकडे बघायची, दुसरी जमिनीकडे. काही बोचरं सांगायचं असलं तर भिंत होतीच. "काही लोकांना कॉलर म्हणजे काय तेच कळत नाही," असं आत्या भिंतीला सांगायची, आणि दुसऱ्या टेबलावरून वहिनी पाणी शिंपडायच्या बाटलीला सांगायची की काही लोकांचे डोळे तपासून घ्यायला झालेत. महत्त्वाचं असेल ते भावाच्या हस्ते. भाऊही बेरका. आत्यानं म्हणावं, तिला सांग, हे शर्ट गाढवानं चावल्यासारखे दिसतायत. यानं जाऊन सांगावं, ताई म्हणते, शर्ट मस्त झालेत, जरा खांद्याकडे एक हात मार. या काटछाटीमुळेच घर उभं होतं, असं तो स्वतः मानत होता, आणि त्यात तसं चुकीचं काही नव्हतं.

मग समोर एक हॉटेल उघडलं आणि त्यात परदेशी इंजिनियर उतरायला लागले, लांबच्या धरणाच्या कामासाठी आलेले. कपडे घेऊन ते लाँड्रीत यायचे आणि काहीतरी सांगायचे. आत्या मान हलवायची. एकानं बहुधा सांगितलं होतं की स्वेटर गरम पाण्यात टाकू नका. आत्यानं मान हलवली आणि टाकला. परत दिला तेव्हा तो एखाद्या बाहुलीला बरोबर बसला असता. आठवडाभरात हॉटेलातली गिऱ्हाइकं पलीकडच्या चौकातल्या लाँड्रीत जायला लागली. तिथल्या पोरीला म्हणे इंग्रजी येत होतं.

भावानं मग दोघींचीही नावं संध्याकाळच्या वर्गात घातली. इंग्रजी संभाषण, अगदी सुरुवातीपासून. दोघींना वेगवेगळं सांगितलं, दुसरी येणार आहे हे एकीलाही सांगितलं नाही. काटछाट करायची सवयच ती.

वर्ग भरायचा टायरच्या दुकानावरच्या खोलीत. बाकं शाळेतली, गुडघे वर यायचे. दारात दोघी एकाच वेळी पोचल्या. आधी आत कोणी जायचं यावरून मुकाट्यानं बराच वेळ गेला आणि शेवटी आत गेल्या तोवर एकच बाक रिकामं राहिलं होतं. मॅडम नवीन, हौशी. त्यांचा नियम साधा होता. शेजारी बसेल तो जोडीदार, शेवटपर्यंत बदलायचा नाही, आणि जे बोलायचं ते इंग्रजीतून. पुढच्या बाकावर बस कंडक्टर आणि बेकरीवाला होते. मॅडमनी पहिला धडा उघडायला लावला. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं.

आत्यानं पुस्तकात बघितलं. मग खिडकीत बघितलं. मग मॅडमकडे बघितलं, आणि मॅडम काही सुटका करतील असं दिसेना.

"व्हॉट इज युअर नेम?" तिनं खिडकीलाच विचारलं.

इतकी वर्षं एका घरात राहून वहिनीनं तिला आपलं नाव सांगितलं. पुढचा प्रश्न होता, तुम्ही कुठे राहता. वहिनीनं पत्ता सांगितला. मग तिनं आत्याला विचारलं, आणि आत्यानंही तोच पत्ता सांगितला. कंडक्टरला खुदकन हसू आलं. मॅडम मात्र खूश झाल्या. एवढा स्पष्ट उच्चार वर्गात कोणाचाच नव्हता. अर्थात त्यामागे किती दात-ओठ खाणं होतं ते त्यांना कुठून कळणार.

घरी जाताना आत्या मनाशी हिशेब करत होती. आपण आधी बोललो का? म्हणजे हरलो का? गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला उत्तर सापडलं. पुस्तकात छापलेलं वाक्य म्हणजे बोलणं नव्हे, तो अभ्यास. अभ्यासात कसला आलाय मानापमान? तिनं ते न्यायला आलेल्या भावाला मोठ्यानं समजावून सांगितलं, मागून येणाऱ्या वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं. वहिनीही त्यावर काही बोलली नाही, म्हणजे तिलाही ते पटलं असावं.

आणि मग अभ्यास घरात शिरला. एका सकाळी आत्या स्टुलावर पाय ठेवून बसली होती. वहिनी समोर येऊन उभी राहिली आणि पुस्तकातल्यासारखी सरळ मान करून म्हणाली, "एक्स्क्यूज मी. इज धिस सीट टेकन?" आत्यानं पाय काढले. दुपारी आत्याला चादरींची घाई झाली, तर तिनं विचारलं की पुढची गाडी कधी सुटणार. वहिनीनं घड्याळ न बघता सांगितलं की गाडी दोन तास लेट आहे, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. भाऊ शर्टांचा गठ्ठा घेऊन दारात उभा होता, तो गठ्ठा तसाच खाली पडला.

बिचाऱ्याचा धंदाच बसला. निरोप द्यायचे थांबले आणि त्याबरोबर काटछाटही थांबली. आत्यानं आता थेट तक्रार करावी की, वेटर, हे सूप थंड आहे, आणि वहिनीनं थेट सांगावं की, सर, तुम्हीच उशिरा आलात. घरात इतकं खरं बोललं जायची भावाला सवय नव्हती. आता काय होणार म्हणून त्याचा जीव टांगणीला लागायचा. पण होत काहीच नव्हतं. उलट दोघी रात्री जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन बसायच्या आणि भाजीवाला, पोस्टमन, स्टेशनमास्तर होऊन एकमेकींना हैराण करायच्या. आत्याला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की, छे, परीक्षा आहे म्हणून. पण संध्याकाळ झाली की तिचे हात भराभर चालायचे, हे तिचं तिलाही कळत होतं.

नियम दोघी कसोशीनं पाळत होत्या. पुस्तकाबाहेरचा एक शब्द नाही. फक्त एकदा मोडला. धडा डॉक्टरचा होता. आत्या डॉक्टर, वहिनी पेशंट. कुठे दुखतं, असं आत्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, पाठ. किती दिवस, तर पुस्तकात होतं टू डेज.

"टू इयर्स," वहिनी म्हणाली.

आत्यानं पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं, टू डेज. वहिनीनं पुस्तकाकडे बघितलंही नाही. "टू इयर्स," ती पुन्हा म्हणाली, आणि पाठ सरळ करून बसली.

आत्याला त्या रात्री नीट झोप लागली नाही. शेजारच्या टेबलावर बाई दोन वर्षं पाठ धरून इस्त्री करते आणि आपल्याला पत्ता नाही. टेबल तिच्या उंचीला बुटकं, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. सकाळी वहिनी दुकानात आली तेव्हा तिच्या टेबलाच्या चारही पायांखाली विटा होत्या आणि आत्या भिंतीला सांगत होती की विटा उगीच मागच्या अंगणात पडून होत्या, पाय अडकायचा. वहिनीनं टेबलावर हात फिरवला. "थँक यू, डॉक्टर," ती म्हणाली आणि इस्त्री लावली. ते वाक्य मात्र पुस्तकातलंच होतं.

गिऱ्हाइकं परत आली. हॉटेलचा मॅनेजर एकदा स्वतः आला, पडद्यांची तक्रार घेऊन, चांगलाच तापलेला. वहिनीनं त्याला इंग्रजीतून असं गार केलं की जाताना तोच माफी मागून गेला. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचा सराव तिला घरबसल्या मिळत होता, याचं श्रेय खरं तर कुणाला, ते आत्यानं मनात म्हटलंही. पण चार दिवसांनी मॅनेजर पुन्हा आला. त्यांचं दुसऱ्या शहरात मोठं हॉटेल निघत होतं. तिथल्या धुलाई खात्यावर देखरेख करायला त्याला अशीच बाई हवी होती. राहायला जागा, आणि नवऱ्यालाही गाडीवर ड्रायव्हर म्हणून काम.

ही बातमी आत्याला सांगायची पाळी भावावर आली. त्यानं फार कात्री चालवली. जरा हवापालट, अधूनमधून येत जाऊ, दुकान काय तू एकटीही बघशील. पण काही गोष्टी कितीही कापल्या तरी तेवढ्याच राहतात.

"का?" आत्यानं विचारलं.

भाऊ म्हणाला की ती म्हणते, इथे माझ्याशी बोलतं कोण.

"मी बोलते की इंग्रजीत," आत्या म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

रागावून बघितलं, पण राग येईना. अबोला धरायलासुद्धा समोर माणूस लागतं. रिकाम्या दुकानात गप्प बसलं तर त्याला अबोला कोण म्हणेल? चादरीचं दुसरं टोक काय खिळ्याला अडकवायचं? वहिनी गेली तर आपण जिवंतपणी मेल्यासारख्या होऊ, हे तिला लख्ख दिसलं. आणि थांब म्हणायचं तर आधी ते शब्द मागे घ्यायला हवेत, आणि तिथेच घोडं अडत होतं. एवढी वर्षं छातीशी धरलेला हट्ट काय असा पटकन खाली ठेवता येतो?

तिनं पुस्तक पालथं घातलं. या, बसा होतं. कसे आहात होतं. निघतो, शुभ प्रवास, पत्र पाठवा, सगळं होतं. जाऊ नका, हे कुठेच नव्हतं. ज्यानं हे पुस्तक लिहिलं त्याच्या घरून कधी कोणी गेलेलं नसावं, किंवा गेलं तर त्याला बरंच वाटलं असावं. मग ती वर्गाच्या आधी जाऊन मॅडमना भेटली. जाऊ नका, याला इंग्रजीत काय म्हणतात? मॅडमनी लगेच सांगितलं, प्लीज डोन्ट गो. कोणाला म्हणायचंय, असंही विचारलं. गिऱ्हाइकाला, आत्या म्हणाली.

ते तीन शब्द तिनं इस्त्रीला म्हणून बघितले, नळाला म्हणून बघितले, भावाच्या स्कूटरला म्हणून बघितले. सगळ्यांना छान जमले. वहिनी समोर आली की ती भिंतीकडे वळायची. कारण शब्द पुस्तकातले नव्हते. म्हणजे हा अभ्यास नव्हे, हे सरळ सरळ बोलणं झालं.

जायच्या आदल्या संध्याकाळी वर्गाची तोंडी परीक्षा होती. घरची माणसं बघायला बोलावली होती. भाऊ मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. प्रत्येक जोडीनं चिठ्ठी उचलायची आणि त्यात जो प्रसंग निघेल तो उभं राहून वठवायचा. कंडक्टरला रेल्वे स्टेशन निघालं, आणि प्रवासी झालेल्या बेकरीवाल्याला त्यानं सवयीनं तीनदा पुढे सरकायला लावलं. मग आत्या आणि वहिनी उठल्या. चिठ्ठी वहिनीनं उचलली. हॉटेल सोडताना. वहिनी पाहुणी, आत्या काउंटरवरची मॅनेजर.

आत्या टेबलामागे उभी राहिली. वहिनी समोर आली, हातात खोटी बॅग धरल्यासारखी मूठ करून.

"गुड मॉर्निंग. आय वाँट टु चेक आउट."

पुस्तकात याचं उत्तर अगदी सोपं होतं. अवश्य मॅडम, हे तुमचं बिल. वर्गातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. आत्या नुसती उभी राहिली. मॅडमनी हळूच पहिला शब्द सांगितला. आत्यानं तो ऐकला, आणि तिला वाटलं की हा एक शब्द आपल्या तोंडून गेला की उद्या सकाळी दाराशी टेम्पो लागलाच म्हणून समजा.

"नो," ती म्हणाली. "चेक आउट नॉट पॉसिबल."

मॅडमनी पुस्तकात बघितलं. वहिनीनं भुवई वर केली, पण परीक्षा ती परीक्षा. का, असं तिनं इंग्रजीतून विचारलं.

"लिफ्ट आउट ऑफ ऑर्डर," आत्या म्हणाली.

वहिनी म्हणाली, मी जिन्यानं जाईन. आत्या म्हणाली, जिना ओला आहे. वहिनी म्हणाली, बाहेर टॅक्सी थांबली आहे. आत्या म्हणाली, ड्रायव्हर आजारी आहे, कालपासून ताप आहे. मागच्या बाकावर भावानं स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. वहिनी म्हणाली, मग दुसरा ड्रायव्हर बोलवा. आत्या म्हणाली, फोन बंद आहे, रस्ता बंद आहे, पूल बंद आहे, बँकसुद्धा बंद आहे. कंडक्टर तोंडात बोट घालून बघत होता. मॅडम गुण द्यायचे विसरल्या होत्या.

वहिनीनं मूठ सोडली. खोटी बॅग खाली पडली. आता ती पुस्तकातलं बोलत नव्हती, हे सगळ्यांत आधी आत्याला कळलं.

"हॉटेल नॉट गुड," वहिनी म्हणाली. "रूम गुड. टेबल व्हेरी गुड. बट नोबडी टॉक्स. मेनी इयर्स, नोबडी टॉक्स."

आत्यानं टेबलाची कड धरली. छताकडे बघायचं की जमिनीकडे, हेच तिला कळेना. मग ती सरळ वहिनीकडे बघायला लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला दिसलं की वहिनीचे कानावरचे केस पांढरे झालेत.

"मॅनेजर बॅड," ती म्हणाली. "मॅनेजर बिग माउथ. सॉरी. कोट, सॉरी." एवढं बोलून ती थांबली आणि मग राहिलेलं बाहेर ढकललं. "युअर फादर... व्हेरी सॉरी. गुड फादर. गिव्ह गुड डॉटर."

कोणी हसलं नाही. कसला कोट आणि कुठला बाप हे भाऊ सोडून कोणाला कळलं नव्हतं, आणि भाऊ नाक पुसत होता.

"प्लीज डोन्ट गो," आत्या म्हणाली. "प्लीज स्टे."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला, काढला, आणि पाहुणीला शोभेल अशा ताठ मानेनं विचारलं, "हाऊ मेनी नाइट्स?"

आत्यानं डोळे मिटून आठवलं आणि तिला येत होता तो सगळ्यात मोठा आकडा सांगितला.

"हंड्रेड."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग परीक्षा, मॅडम, नियम सगळं बाजूला ठेवून आपल्या भाषेत म्हणाली, "शंभरच का, वन्सं?"

"अगं, पुढचे आकडे अजून शिकवलेत कुठे आपल्याला," आत्या म्हणाली.